निळी-रुपेरी गाडी : सीमाभागातील एसटीचा मागोवा

सीमाभागातल्या मराठी माणसाला एसटी म्हटले की लाल रंग आठवतो. निपाणीच्या स्टँडवर कोल्हापूरची लाल गाडी लागली, पाटीवरची देवनागरी अक्षरे दिसली, की ‘आपली गाडी आली’ असे सहज तोंडून निघते. ही आपुलकी खरी आहे. पण इतिहासाची पाने चाळली तर तिच्यात एक गंमत सापडते, आणि एक दुखणेही. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्या काळात एसटीचा रंग लाल नव्हताच. तो होता निळा आणि रुपेरी. लाल रंग आला १९६०च्या सुमारास. तोवर बेळगाव, निपाणी, खानापूर हा सगळा मुलूख म्हैसूर राज्यात जाऊन चार वर्षे उलटली होती. म्हणजे जिला आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘आपली’ म्हणत आलो, ती लाल एसटी आपल्या राज्याची गाडी म्हणून या भागात कधी धावलीच नाही. ती आली तीच पाहुणी म्हणून.

वाचकहो, या लेखात एसटीच्या गाड्यांचा इतिहास सांगायचा आहे. पण तो मुंबईतून किंवा पुण्यातून न पाहता बेळगाव-निपाणीच्या स्टँडवरून पाहायचा आहे. एसटीने दर पिढीला एक ‘उद्याची गाडी’ दाखवली. कधी तिला रंगीत काचा होत्या, कधी मऊ आसने, आता तिला वीज आहे. या प्रत्येक गाडीचे कौतुक झाले आणि प्रत्येक गाडी यथावकाश जुनी झाली. मागे काय उरले, हे पाहू गेले तर उत्तर गाडीच्या सजावटीत मिळत नाही. ते वेळापत्रकात मिळते. आणि सीमाभागात नेमके तेच वेळापत्रक सर्वांत नाजूक ठरले.

भरल्याशिवाय न हलणारी मोटार

निपाणीला रेल्वे नाही. बेळगावला ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आली होती. पण तंबाखूची एवढी मोठी पेठ असलेली निपाणी रुळांपासून दूरच राहिली. पुणे-बंगळूर रस्ता हाच तिचा धागा. त्यामुळे मोटार ही इथे कधी चैन नव्हती. बाजार, दवाखाना, कचेरी, माहेर, सगळ्याची वाट त्याच रस्त्याने जात होती.

एसटीपूर्वीच्या काळात या वाटेवर खाजगी मोटारी धावत. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने त्यांना परवाने लागू केले, तरी रोजचा व्यवहार मालकाच्या मर्जीवरच चाले. गाडी भरली की सुटणार, हा नियम. दहा माणसे कमी असतील तर उतारूंनी उन्हात थांबायचे. वीस जास्त असतील तर टपावर चढायचे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा मागे कोळशाची भट्टी लावून तिच्या गॅसवर गाड्या चालवाव्या लागल्या. चढ आला की उतारूंनी उतरून चालायचे, हे त्या काळात कुणाला नवलाचे वाटत नसे.

या पार्श्वभूमीवर मुंबई सरकारने प्रवासी वाहतूक स्वतःकडे घेतली आणि १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. गाडी बेडफर्ड कंपनीची, लाकडी सांगाड्याची, तीस माणसांची. बसायला काथ्याच्या गाद्या. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला म्हैसूर संस्थानच्या सरकारी परिवहन खात्याने १२० गाड्यांनिशी आपले काम सुरू केले. हैदराबादेत निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्येच २७ गाड्या रस्त्यावर आणल्या होत्या. पुढे ज्या मुलखांचे तुकडे जोडून आजचे कर्नाटक उभे राहिले, त्यांतल्या या तिन्हींत सरकारी बस आधीच आली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९५० मध्ये केंद्राने मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा केला आणि मुंबई राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले. या कायद्यात एक कलम असे आहे की महामंडळाने आपला कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा. पण लोकांनी एसटीकडून जे घेतले ते व्यापाराच्या हिशेबात न बसणारे होते. ठरलेले भाडे, हातात छापील तिकीट, आणि गाडीत दोनच माणसे असली तरी ठरल्या वेळी वाजणारी डबल बेल. खाजगी मोटार भरण्याची वाट बघत होती. एसटी घड्याळाची वाट बघू लागली. त्या काळातल्या खेड्यासाठी भविष्यकाळ म्हणतात तो हाच होता.

नीलकमल आणि गावचे घड्याळ

सुरुवातीच्या वर्षांत महामंडळाच्या ताफ्यात गाड्यांच्या जातीच जाती होत्या. बेडफर्ड, शेवरलेट, फार्गो, स्टुडबेकर, सेडन, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट. महायुद्धानंतर जगात जी चासी मिळेल ती घ्यायची, अशी वेळ होती. ऐकायला हे वैभव वाटते. वर्कशॉपमधल्या मिस्त्रीला विचारले असते तर त्याने कपाळाला हात लावला असता. एकीचा सुटा भाग दुसरीला बसत नाही. एक गाडी बंद पडली की तिच्याच जातीची दुसरी गाडी शोधायची. पुढे देशात टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने १९५४ पासून आणि अशोक लेलँडने मद्रासेत चासी बनवायला घेतल्या. मग हा गोतावळा हळूहळू आटला आणि दोन-तीन जातींवर काम भागू लागले. एसटीच्या प्रगतीत या कंटाळवाण्या वाटणाऱ्या एकसारखेपणाचा वाटा फार मोठा आहे.

त्याच पन्नाशीच्या आरंभी महामंडळाने एक स्वप्न रस्त्यावर आणले. मॉरिस कमर्शियलच्या चासीवर बांधलेल्या दोन आरामगाड्या. नावे ठेवली ‘नीलकमल’ आणि ‘गिरिआरोहिणी’. पुणे-महाबळेश्वर मार्गावर त्या धावत. आत दोन-दोन आसनांच्या रांगा, खिडक्यांना पडदे, सजावट, हिरवट काचा आणि चक्क एक घड्याळ. काथ्याच्या गादीवर बसून आलेल्या माणसाला ही गाडी सिनेमातली वाटली असेल तर नवल नाही.

जगभर तेव्हा असेच वारे होते. अमेरिकेत ग्रेहाउंड कंपनीने १९५४ मध्ये ‘सीनिक्रूझर’ ही दोन पातळ्यांची, आत शौचालय असलेली गाडी आणली. तिला जोडलेल्या दोन इंजिनांनी इतका त्रास दिला की पुढे सगळ्या गाड्या उघडून त्यांत एकेक नवे इंजिन बसवावे लागले. लंडनमध्ये त्याच साली दाखवलेल्या ‘रूटमास्टर’चा सांगाडा ॲल्युमिनियमचा होता, विमाने बांधण्याच्या अनुभवातून ते कसब आलेले. ती मात्र २००५ पर्यंत नेहमीच्या फेऱ्यांवर टिकली. आपल्या मुंबईत १९६२ मध्ये तारांखालून धावणारी ट्रॉलीबस आली आणि १९७१ मध्ये गेलीही. यातून एकच गोष्ट दिसते. कोणती गाडी उद्याची, हे पहिल्या दिवशीच्या फोटोवरून कळत नाही. ती दहा वर्षांनी कशी दुरुस्त होते यावरून कळते. एसटीनेही लाकूड सोडून पोलाद घेतले, पोलाद किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत गंजते म्हणून १९६०च्या सुमारास ॲल्युमिनियम घेतले. आसने तीसची पंचेचाळीस झाली, पुढे चोपन्न झाली. या बदलांना नीलकमलसारखे सुंदर नाव कुणी दिले नाही. पण खेड्यापर्यंत पोचले ते हेच बदल.

नीलकमलमधल्या त्या घड्याळाविषयी मला नेहमी वाटते की महामंडळाने ते बसवायला नको होते असे नाही, पण त्याची खरी गरज आतल्या उतारूंना नव्हती. खेड्यात गाडी हेच घड्याळ होते. ‘आठची गाडी गेली’, ‘मुक्कामाची गाडी यायची आहे’ अशा बोलीत दिवसाचे प्रहर मोजले जात. शाळेत जाणारी पोरे, दूध घालणारे, बाजाराला निघालेल्या बायका, सगळ्यांचा दिवस त्या एका गाडीभोवती बांधलेला. रात्री गावात वस्तीला थांबलेली गाडी पहाटे सुटे, तेव्हा तिच्या इंजिनाच्या आवाजाने अर्धे गाव उठे. वेळापत्रक हे सरकारने गावाला दिलेले पहिले रोजचे वचन होते.

१ नोव्हेंबर १९५६

हे वचन अंगवळणी पडते आहे तोच राज्यपुनर्रचना झाली. बेळगावच्या १९४६ सालच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता; पुढची दहा वर्षे आणि १७ जानेवारी १९५६च्या हुतात्म्यांची कहाणी या मालेच्या वाचकांना नव्याने सांगायची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे चार जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला.

राज्यपुनर्रचनेच्या चर्चेत भाषा, लोकसंख्या, भूगोल यांचे हिशेब मांडले गेले. बसच्या फेऱ्यांचा हिशेब कुणी मांडला नाही. चंदगडच्या माणसाला बेळगाव हीच जवळची मोठी बाजारपेठ. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर आणि जिल्ह्याचे ठाणे बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर. काल जी गाडी तालुक्याहून जिल्ह्याला जात होती ती आज आंतरराज्य गाडी झाली. रस्ता तोच, उतारू तेच, बाजाराचा वारही तोच.

आंतरराज्य या एका शब्दाने काय बदलते ते नीट समजून घेतले पाहिजे. राज्याच्या हद्दीत एखादी फेरी वाढवायची तर महामंडळाचे विभागीय कार्यालय ते पाहू शकते. हद्द ओलांडणाऱ्या फेरीसाठी मात्र दोन राज्यांचा परस्पर करार लागतो. कोणत्या मार्गावर कुणाच्या किती फेऱ्या आणि किती किलोमीटर, हे त्यात ठरते. असा कराराचा मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छापावा लागतो, हरकतींसाठी किमान तीस दिवस द्यावे लागतात. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण नदीपलीकडच्या गावात सकाळी साडेसातला शाळेची गाडी हवी, एवढ्या साध्या मागणीला दोन राजधान्यांचे दार ठोठवावे लागते, हेही तितकेच खरे.

या काळातली एक मौज सांगण्यासारखी आहे. १ ऑगस्ट १९६१ रोजी म्हैसूर राज्याचे परिवहन महामंडळ स्थापन झाले. इकडे मुंबई राज्याचे दोन भाग झाल्यावर महाराष्ट्राचेही महामंडळ त्याच काळात आपल्या नव्या नावाने उभे राहिले. इंग्रजीत म्हैसूरचे आद्याक्षर एम आणि महाराष्ट्राचेही एम. म्हैसूर राज्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक होईपर्यंत दोन्ही महामंडळांची इंग्रजी आद्याक्षरे एकच होती : एम. एस. आर. टी. सी. आणि आज पाहिले तर दोन्हीकडच्या साध्या गाड्या लालच. फरक उरतो तो पाटीवरच्या अक्षरांचा. पण सीमाभागात अक्षरांचा फरक हा किरकोळ फरक नसतो. ज्या म्हातारीला देवनागरी जेमतेम लागते, तिने कन्नड पाटीची गाडी कशी ओळखायची? ती कंडक्टरला विचारते, शेजारच्या पोराला विचारते. या विचारण्यातूनच इथल्या स्टँडवर दोन भाषांचा रोजचा संसार चालला. कन्नड भाषक कंडक्टरने मराठीत ‘पुढे सरका’ म्हणावे आणि मराठी उतारूने त्याला कन्नडमध्ये सुट्टे पैसे मागावेत, हे या भागातले नेहमीचे दृश्य आहे. वादाच्या बातम्या होतात. या संसाराची बातमी होत नाही.

एशियाड आणि महामार्ग

१९६८ मध्ये एसटीने रात्रीच्या फेऱ्या सुरू केल्या. त्यानंतरची मोठी ‘उद्याची गाडी’ आली १९८२ मध्ये. दिल्लीत नोव्हेंबर-डिसेंबरात आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या आणि त्याच काळात निमआराम गाड्यांचा वर्ग सुरू झाला. लोकांनी तिला सरकारी नाव लावलेच नाही. ‘एशियाड’ म्हटले आणि तेच नाव चिकटले. खेळ कधीच संपले, कुणी किती पदके मिळवली हे लोक विसरले; पण ‘एशियाडने आलो’ हा वाक्प्रचार राहिला. साध्या गाडीपेक्षा थोडे जास्त भाडे, थोडी बरी सीट, कमी थांबे. मध्यमवर्ग होऊ पाहणाऱ्या महाराष्ट्राचे चित्र त्या एका गाडीत होते.

कमी थांबे ही त्या गाडीची सोय, आणि मधल्या गावांची तीच अडचण. आरामगाडी महामार्गाने सरळ जाते. महामार्ग कुणाचा, हा प्रश्न या भागात त्याआधीच एकदा विचारला गेला होता. १९८१च्या वसंतात तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी बळी गेले. ज्या रस्त्याने निपाणीचा तंबाखू आणि निपाणीची माणसे बाहेर जात, तोच रस्ता अडवल्याशिवाय आपले म्हणणे कुणाला ऐकू जात नाही, असे त्या शेतकऱ्यांना वाटले. रस्त्याशी या गावाचे नाते किती जिवाचे आहे, याचा याहून मोठा पुरावा नको.

आजची उद्याची गाडी

कर्नाटकात १ नोव्हेंबर १९९७ रोजी वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळ वेगळे झाले. मुख्यालय हुबळीला. विजापूरचा भाग वगळला तर जुन्या मुंबई राज्यातल्या त्या जिल्ह्यांचाच हा मुलूख. ज्या तारखेला हे जिल्हे जोडले गेले, बरोबर त्याच तारखेला एकेचाळीस वर्षांनी त्यांच्या गाड्यांचा वेगळा कारभार सुरू झाला, हा योगायोग इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावा.

याच महामंडळाने २०१८ पासून हुबळी-धारवाड मार्गावर ‘चिगरी’ नावाच्या वातानुकूलित गाड्या चालवल्या. चिगरी म्हणजे कन्नडमध्ये काळवीट. बससाठी राखलेली मार्गिका, फलाटाच्या पातळीवर उघडणारी दारे. खरोखरच उद्याची गाडी. पण काही वर्षांतच दुरुस्तीच्या तक्रारी सुरू झाल्या. इकडे महाराष्ट्रात शिवनेरी आली, शिवशाही आली, आणि १ जून २०२२ रोजी विजेवर चालणारी ‘शिवाई’ धावली, ती मुद्दाम त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर. पेट्रोलच्या बेडफर्डपासून विजेच्या गाडीपर्यंत चौऱ्याहत्तर वर्षे.

पण गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा बदल यंत्रात नाही, तिकिटात आहे. महाराष्ट्राने १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे भाडे लावले. कर्नाटकाने त्याच वर्षी ११ जूनपासून राज्यातल्या रहिवासी महिलांना साध्या बसमधून मोफत प्रवास दिला. दोन्ही योजनांनी स्टँडवरची गर्दीच बदलली. एकटीने गाडीत बसण्याची सवय कित्येक बायकांना यामुळे लागली. आता निपाणीच्या बाईचा विचार करा. बेळगावला कर्नाटकाच्या साध्या गाडीने जाताना तिला तिकिटाला पैसा पडत नाही. कोल्हापूरला दवाखान्यात किंवा माहेरी जायचे तर महाराष्ट्राची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. म्हणजे कोगनोळी आणि कागल यांच्यामध्ये कुठेतरी, कुणालाही न दिसणाऱ्या रेषेवर, तिच्या प्रवासाचा दर बदलतो. १९५६ची रेघ नकाशावर होती. ती आता तिच्या तिकिटावर छापलेली आहे.

निपाणीला लागूनच असलेले अर्जुननगर महाराष्ट्रात मोडते. तिथले देवचंद महाविद्यालय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेले. निपाणीचा विद्यार्थी चालत दुसऱ्या राज्यात शिकायला जातो आणि दुपारी घरी जेवायला आपल्या राज्यात येतो. पायाला जे जमते ते वेळापत्रकाला का जमू नये?

आणि वाद पेटला की पहिल्यांदा बंद होते ती बस. २०२२च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या वाहनांवर बेळगावजवळ दगड पडले, पुण्यात कर्नाटकाच्या गाड्यांना काळे फासले गेले. २०२५च्या फेब्रुवारीत भाषेवरून बसमध्येच मारहाणीचे प्रकार घडले आणि दोन्ही बाजूंच्या फेऱ्या थांबल्या. मार खाल्ला तो ड्रायव्हर-कंडक्टरांनी. नोकरीवर असलेली ही माणसे. सीमा त्यांनी आखलेली नाही. फेऱ्या थांबल्या की मोठ्या माणसांच्या मोटारी दुसऱ्या वाटेने जातात, वडापवाले दुप्पट भाडे घेतात, आणि डायलिसिसला निघालेला रुग्ण, परीक्षेला निघालेला मुलगा स्टँडवर बसून राहतो. म्हणजे आपण पुन्हा त्याच खाजगी मोटारीच्या काळात जातो, जिथे गाडी कधी सुटेल ते उतारूच्या हातात नव्हते.

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. निकाल लागेल तेव्हा लागेल. आपली बाजू आपण सोडलेली नाही आणि सोडू नये. पण तोवर दोन्ही राज्यांनी एवढे तरी मान्य करावे की दूध आणि रुग्णवाहिकेप्रमाणे सीमेवरची साधी बस कोणत्याही आंदोलनात थांबणार नाही. मराठी आणि कन्नड, दोन्ही संघटनांनी मिळून मागावी अशी ही गोष्ट आहे.

साहित्य मंडळाच्या वाचकांकडे आणखी एक मागणे आहे. निळ्या-रुपेरी गाडीत बसलेली पिढी आता फार थोडी उरली आहे. जुनी वेळापत्रके, चिमट्याने भोक पाडलेली तिकिटे, विद्यार्थ्यांचे पास, उतरवलेल्या पाट्या रद्दीत चालल्या आहेत. निवृत्त ड्रायव्हर, कंडक्टर, कंट्रोलर, वर्कशॉपमधले मिस्त्री यांच्या आठवणी कुणी लिहून घेतलेल्या नाहीत. कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांनी आपापली साहित्य संमेलने उभी केली; त्या मंडपात एक टेबल या कागदांसाठी मांडायला फार खर्च येणार नाही. प्रत्येक गावाने आपल्या गावात पहिली गाडी कोणत्या साली आली, ती किती वाजता येई आणि कुठे मुक्काम करी, एवढे तीन प्रश्न वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावेत. उत्तर मराठीत मिळो की कन्नडमध्ये, ते तसेच लिहून घ्यावे.